चौसाळ्याचे रुद्रप्पा पोर्तोत हरवले

रुद्रप्पा शेट्यांचं किराणा दुकान आमच्या चौसाळ्यात हायवेच्या अंगाला आहे. इथल्याच शाळेत मी एकवीस वर्षं मास्तर होतो. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी त्यांच्या दुकानापुढच्या बाकावर बसतो. ही गोष्ट मला तिथंच कळली, तीही एका बैठकीत नाही. रुद्रप्पा सांगत असायचे, गिऱ्हाईक आलं की थांबायचे. मग आतून त्यांची मुलगी रुद्राणी पुढचं सांगायची आणि "अप्पा, तसं नव्हतं झालं" म्हणून मागचंही दुरुस्त करायची.

रुद्राणी माझी विद्यार्थिनी. तिसरीत होती तेव्हा तिचं अक्षर ओळ सोडून खाली घसरायला लागलं. आधी मला वाटलं, लक्ष नाही. मग एक दिवस ती पुस्तक नाकाला लावून वाचताना दिसली आणि मीच रुद्रप्पांना निरोप धाडला, पोरीचे डोळे दाखवून आणा. काचबिंदू निघाला. दोन ऑपरेशनं झाली, पण नववं वर्ष लागलं तेव्हा तिचं दिसणं संपलेलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस रुद्रप्पा कुणाशी धड बोलत नसत. साखर मागितली तर साखर द्यायचे, बस. मग एका सकाळी मी दुकानावरून चाललो होतो, तर पोरगी तांदळाच्या पोत्यावर बसलेली आणि रुद्रप्पा तिला मोठ्यानं पेपर वाचून दाखवतायत. कांद्याचा बाजार, धरणातला पाणीसाठा, निधनवार्ता, नोकरीच्या जाहिराती, काहीच सोडत नव्हते.

मी म्हणालो, "अहो, एवढ्या लहान पोरीला निधनवार्ता कशाला?"

"गुरुजी, ती इचारती, आज काय काय झालं. तिच्या कामाचं त्यातलं कोनतं हाय, हे मला कुठं ठावं? म्हनून समदंच वाचतो."

तेव्हापासून ती अंधशाळेत शिकायला शहरात गेली ती वर्षं सोडली, तर त्या दुकानात पेपर मोठ्यानंच वाचला गेला.

शहरातल्या शाळेत तिला कॉम्प्युटर भेटला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा. त्या यंत्राचा आवाज इंग्रजी होता आणि रुद्राणी इंग्रजी शिकली ती त्याच आवाजाकडून. म्हणून आजही ती इंग्रजी बोलते ते थोडं यंत्रासारखं, एका सुरात. ऐकते मात्र इतक्या वेगानं की शेजारी बसलेल्याला नुसतं किरकिर ऐकू येतं. शिवम्मा, तिची आई, म्हणते, "रातकिड्यांची शाळा भरलीय जनू."

पुढं त्यात मराठी आवाज आला. जगभरातले हौशी लोक आपापली नोकरी सांभाळून हे काम फुकट करतात, तसल्यांनीच तो बनवला होता. रुद्राणीनं पहिल्याच दिवशी त्याला आपल्या गावाचं नाव वाचायला लावलं. तो म्हणाला, "चाऊसाला."

ती हसली, मग रुसली आणि मग तिनं त्या लोकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते टियागो नावाच्या माणसाचं. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राहणारा, जन्मापासून आंधळा. त्यानं लिहिलं होतं, मला मराठीचं एक अक्षर येत नाही. पण तुम्ही चूक सांगत राहिलात तर मी दुरुस्त करत राहीन.

ळ लवकर सुधारला. अडलं ते च आणि ज पाशी. आपण लिहितो एकच च, पण बोलतो दोन. 'चार गाई' म्हणताना एक आणि 'गाईला चार' म्हणताना दुसरा. दुनिया या अर्थाचं 'जग' आपण एका तऱ्हेनं म्हणतो, आणि कुणाला जिवंत राहा म्हणून सांगायचं तर तेच 'जग' दुसऱ्या तऱ्हेनं. मी जन्मभर मराठी शिकवली, पण कुठल्या शब्दात कुठला ज, याची यादी मीही कधी केली नव्हती. आपल्या जिभेला ते माहीत असतं. यंत्राला जीभ नाही.

मग बापलेकीनं यादी करायला घेतली. रुद्रप्पा पेपर वाचायचे, च किंवा ज आला की रुद्राणी लॅपटॉपवर टिपायची. शंका आली की गिऱ्हाइकाला पकडायचे. एकदा हरिबा धनगर मीठ न्यायला आला होता.

"हरिबा, जवस म्हन बरं."

"कावून?"

"पोरगी लिहून घेतीय."

"आधी मीठ तर द्या," हरिबा म्हणाला, आणि मग मोठ्यानं, बाहेरच्या मेंढरांनाही ऐकू जाईल असं, "जवस!"

असं चार वर्षं चाललं. अकरा हजारांच्या वर शब्द झाले. रुद्राणी ते टियागोला धाडायची, टियागो ते यंत्राच्या गळी उतरवायचा. हळूहळू त्या आवाजाचं मराठी ऐकवेल असं झालं, आणि कुठल्या कुठल्या गावातल्या न दिसणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या रुद्राणीला यायला लागल्या.

गेल्या वर्षी पोर्तोला या कामाची मोठी परिषद ठरली. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसांसाठी तंत्रज्ञान बनवणारे देशोदेशीचे लोक जमणार होते. त्यात रुद्राणीला भाषणाला बोलावलं. सोबत एक माणूस आणायची सोय त्यांनीच केली होती.

सगळ्यांनी धरलं होतं की सोबतीला महांतेश जाणार. तो तिचा थोरला भाऊ, पुण्यात नोकरीला, इंग्रजी येणारा. त्यानं रजाही टाकली. रुद्राणी म्हणाली, "मला अप्पा पाहिजेत."

"अगं, अप्पांना बीडच्या पुढं रस्ता विचारायला लागतो," महांतेश म्हणाला.

"दादा, तू मला हाताला धरून ओढत नेतोस. अप्पा सांगत नेतात."

महांतेशला ते लागलं असणार, पण तो समजूतदार मुलगा. त्यानंच दोघांच्या पासपोर्टाचे कागद केले, व्हिसाचे केले आणि मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवायला आला. शिवम्मानं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या अशा बांधून दिल्या की पोर्तो म्हणजे महिनाभराचा पायी रस्ता असावा.

विमानतळावर एक कर्मचारी चाकाची खुर्ची घेऊन आला आणि रुद्राणीला म्हणाला, बसा.

"माझे पाय चांगले आहेत. डोळ्यांनी दिसत नाही फक्त."

त्यानं नियम सांगितला. तिनं पाय आपटून दाखवले. वाद वाढायला लागला तसे रुद्रप्पा, ज्यांचे गुडघे दहा वर्षं दुखतायत, पुढं झाले आणि स्वतःच खुर्चीत बसले. "आनलीच हाय तर मोकळी कावून न्यायची?" मग तो कर्मचारी रुद्रप्पांना ढकलत आणि रुद्राणी खुर्चीच्या पाठीला हात लावून मागं, असे ते विमानापर्यंत गेले.

पोर्तोत उतरले तेव्हा मार्च महिना होता, थंडी होती. टॅक्सीत बसल्यापासून रुद्रप्पांचं सांगणं सुरू झालं. "माय, घरं कशी हायत म्हनशील तर बाजारात बुरूड सुपं रचतो तशी, एकावर एक. रस्ता समदा चढ नाहीतर उतार. भिंतींना बाहेरून फरशी लावलीय, तिच्यावर निळी चित्रं. डाव्या अंगाला बाग आली बघ. तांबडी फुलं, जास्वंदीवानी, पर जास्वंद न्हाई. लई दाट." हॉटेलपाशी उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते तिचा हात भिंतीवरच्या फरशीला लावायचं. तिनं बोटांनी काठ चाचपला. चित्र हाताला लागत नव्हतं, पण फरशी थंड आणि गुळगुळीत होती, आणि दोन फरश्यांच्या मधे शेवाळ होतं, हे ती मला आवर्जून सांगते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिचं भाषण. सकाळी आठला ती उठली आणि नेहमीसारखी म्हणाली, "अप्पा, बाहेर ऊन आहे का?"

उत्तर नाही. न्हाणीघरात नाहीत, दाराबाहेर नाहीत. फोन लावला तर तो खोलीतच, उशीपाशी वाजला.

मग तिनं टेबल चाचपलं. रुद्रप्पा लिंगायत, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. टेबलावर पूजेचं धुतलेलं वस्त्र घडी घालून ठेवलेलं होतं, शेजारी ओला पंचा. विभूतीची वडी कोरडी होती, तिला ओलं बोट लागलेलं नव्हतं. फुलाची वाटी रिकामी होती. म्हणजे आंघोळ झाली होती, पूजा झाली नव्हती, आणि फूल नव्हतं.

"ते फूल आणायला गेलेत," तिनं खाली काउंटरवरच्या माणसाला सांगितलं. तो पोलिसांना फोन करायला लागला. तिनं टियागोला लावला. चार वर्षांची ओळख, पण समोरासमोर अजून भेट व्हायची होती.

टियागो पंधरा मिनिटांत पांढरी काठी टेकत आला. "किती वाजता निघाले?"

"माहीत नाही. ते पाचला उठतात."

"भाषणाचं काय करायचं?"

"अप्पा सापडल्याशिवाय मी बोलणार नाही."

टियागोनं तिथंच उभं राहून आयोजकांना फोन लावला. त्याचं स्वतःचं भाषण दुपारी होतं, ते त्यानं अकराला घ्यायला सांगितलं आणि दुपारची वेळ रुद्राणीला दिली. मग विचारलं, "ते कसे दिसतात, हे मला विचारून उपयोग नाही. कुठं गेले असतील?"

तिनं बागेचं सांगितलं. विमानतळाकडून येताना डाव्या हाताला, हॉटेलच्या थोडं अलीकडं, तांबडी फुलं, दाट.

टियागो म्हणाला, "फुलं मी पाहिलेली नाहीत. पण मार्चमध्ये इथं कॅमेलिया नावाचं फूल येतं, त्याच्या पाकळ्या गळून रस्त्याच्या दगडांवर सडतात, तिथं काठी आणि बूट दोन्ही घसरतात. अशा तीन गल्ल्या मला माहीत आहेत. मी त्या टाळतो."

आणि ते दोघं निघाले. पुढं पोर्तोतला आंधळा टियागो, त्याच्या कोपराला धरून चौसाळ्याची आंधळी रुद्राणी, दोघांच्या हातात काठ्या, आणि शोधत होते डोळस रुद्रप्पांना. हॉटेलवाल्यानं सोबत माणूस देऊ केला होता, पण टियागो म्हणाला, तो रस्ताभर आम्हालाच सांभाळत बसेल.

मी एकदा रुद्राणीला विचारलं, "तुला भीती नाही वाटली? ते चालत चालत कुठल्या कुठं गेले असते तर?"

"नसते गेले, गुरुजी. मी लहान असताना जत्रेला निघालो की अप्पा दर वेळी बजावायचे, हरवलीस तर चालू नको. जिथं हायस तिथंच उभी राहा, मी येतो. मला माहीत होतं, आपण हरवलो हे कळलं की ते ओळखीच्या शेवटच्या जागी येऊन थांबतील, तिथून हलणार नाहीत."

पहिल्या गल्लीत कुणी नव्हतं. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिचा बूट सर्रकन घसरला. ती थांबली आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधाला देतात तशी हाक दिली, "अप्पाऽऽ!" वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

आणि उताराच्या खालून आवाज आला, "माय, हिकडं! पायाखाली बघ... न्हाई, सावकाश ये, निसरडं हाय!"

झालं होतं ते असं. रुद्रप्पा सहाला फूल शोधायला निघाले. बाग सापडली. पण खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही आणि दुसऱ्याच्या झाडाचं विचारल्याशिवाय तोडायचं कसं? म्हणून ते फाटकापाशी उभे राहिले, घरातलं कुणी बाहेर येईपर्यंत. एक म्हातारी बाई खराटा घेऊन आली. त्यांनी हात जोडले, झाडाकडं बोट केलं, तळहात दाखवला, कपाळाला लावला. बाईला काय समजलं कोण जाणे. तिनं एक चांगलं टपोरं फूल देठासकट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते रुमालात घेऊन रुद्रप्पा परत निघाले, तर दोन वळणांनंतर सगळ्या गल्ल्या सारख्याच. सगळ्या भिंती निळ्या. हॉटेलचं नाव त्यांना आठवत नव्हतं आणि आठवलं असतं तरी पाटी वाचता आली नसती. तेव्हा ते माघारी आले, फाटकापाशी, आणि उभे राहिले. म्हातारीनं काही वेळ पाहिलं, मग घरातून लाकडी खुर्ची आणून फुटपाथवर ठेवली. चहासारखं काहीतरी आणलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तिनं पाव आणला. नाही म्हटलं. तेव्हा ती स्वतःच एक खुर्ची आणून शेजारी बसली. अडीच तास रुद्रप्पा तिला मराठीत सांगत होते, पोरीचं भाषण हाय माझ्या, अकराला हाय, आनि मी हितं बसलोय. ती तिच्या भाषेत काहीबाही बोलत होती. रुद्रप्पांचं म्हणणं, तिचाही कुणी मुलगा लांब असावा, आवाजावरून तसं वाटलं.

रुद्राणी जवळ आली तेव्हा रागावायचं ठरवून आली होती. पण तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खांदा थंडगार पडला होता.

"फोन का नाही घेतला, अप्पा?"

"तू निजली व्हतीस. उजेड पडंल म्हनून हात न्हाई लावला." मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. "माय, तुझं भाषन गेलं का गं माझ्यापायी?"

"दुपारी आहे. टियागोनं आपली वेळ दिली."

रुद्रप्पांनी टियागोचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. टियागो त्यांच्या दिशेला तोंड करून हळूच म्हणाला, "चौसाळा." ळ अगदी खणखणीत. चार वर्षं तो त्या एका शब्दाचा सराव करत होता.

"पूजा झालीय का?" रुद्राणीनं विचारलं.

"कुठली? फूल हाय हितं, बाकी समदं खोलीत."

ते तिनं पिशवीतून आणलं होतं. त्या म्हातारीनं तांब्याएवढ्या भांड्यात पाणी दिलं आणि रुद्रप्पांनी तिच्या फाटकापाशीच, त्या खुर्चीवर बसून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. कॅमेलियाचं फूल वाहिलं. मग त्यांनी म्हातारीचा तो पाव खाल्ला, आणि रुद्राणी सांगते, तीन खाल्ले.

दुपारी सभागृह भरलेलं होतं. रुद्राणी आपल्या एकसुरी इंग्रजीत बोलायला लागली. दोन्ही 'जग' तिनं आधी स्वतः म्हणून दाखवले, मग यंत्राकडून म्हणवले, आणि हा फरक लिहिण्यात दिसत नसल्यानं किराणा दुकानातून कसा गोळा झाला ते सांगितलं. हरिबाच्या जवसाचं सांगितलं तेव्हा लोक खूप हसले. रुद्रप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना फक्त 'जवस', 'हरिबा' आणि मधूनमधून येणारं 'अप्पा' एवढंच समजत होतं. पण 'अप्पा' फार वेळा येतंय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मान खाली घालून बसले.

शेवटी टियागोनं त्यांना उभं राहायला सांगितलं. टाळ्या सुरू झाल्या. रुद्रप्पांनी वळून हात जोडले आणि पाहिलं, तर समोरच्या रांगांमध्ये निम्म्या लोकांच्या हातात काठ्या. जोडलेले हात त्यांना कसे दिसणार? तेव्हा ते छाती भरून, गिऱ्हाइकानं भरलेल्या दुकानात बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "शरणार्थ! समद्यास्नी शरणार्थ!"

हा लिंगायतांचा नमस्कार, तिथं अर्थ कुणाला कळला नसेल. पण मागच्या एका रांगेतून कुणीतरी तसंच उलट म्हणालं, "शरणार्थ!" आणि मग बऱ्याच तोंडांतून, बऱ्याच तऱ्हांनी तो शब्द आला.

परत आल्यावर ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला. रुद्रप्पांनी भाषण केलं नाही, शाल घेतली आणि दुकान उघडायला गेले. रुद्राणीला त्या परिषदेतून काम मिळालं. आता ती घरी बसून कोकणी आणि कन्नड आवाजांवर काम करणाऱ्या लोकांना मदत करते. शिवम्मानं त्या म्हातारीसाठी चटणी पाठवायचं मनात धरलं आहे, पण पत्ता कुणाकडंच नाही. फक्त गल्ली माहीत आहे, आणि तीही पायांना.

टियागो या भाद्रपदात येतोय. परवा संध्याकाळी मी गेलो तर रुद्रप्पा दुकानात नव्हते. शिवम्मा म्हणाली, कपिलधारला गेलेत, धबधब्यापाशल्या देवाला. उजाडल्यापासून. ते आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि हातात वहीचा चुरगळलेला कागद होता.

"टियागोरावांना देवाला न्यायचंय ना, गुरुजी. पायऱ्या डोळं मिटून उतरून बघितल्या. सातव्या पायरीचा दगड हालतो. पुढं उजव्या अंगाला चिखल. समदं लिहून आनलंय, सांगत न्यायला बरं."

"आणि धबधबा? तो कसा सांगणार?"

रुद्रप्पा बाकावर टेकले आणि धोतराचा ओला सोगा पिळायला लागले.

"तो काय सांगायचा? तिथं नुसतं उभं करायचं. पानी अंगावर येतंच."